ज्वारीच्या पानात आणि दाण्यात कोडॉन वेगळे वापरले जातात का? साध्या लॅपटॉपवर तपासायची सगळी पद्धत

सोलापुरात पूर्व भागात एखाद्या पद्मशाली घरात गेलात की पाणी मागताना "नीळ्ळु" कानावर येतं, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात "नीरु", आणि आमच्याकडं सरळ "पाणी". तांब्यात येतं ते एकच. कोडॉनचा विषय मी मुलांना शिकवतो तेव्हा सुरुवात कायम इथूनच करतो, कारण सोलापूरच्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, एकाच गोष्टीला तीन शब्द हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

डीएनएची अक्षरं चार (ए, टी, जी, सी), तीन-तीनचे गट पाडले की ६४ कोडॉन, त्यातले ३ स्टॉपचे (प्रोटीन इथं संपलं सांगणारे), उरलेले ६१ मिळून २० अमिनो आम्लं लिहितात. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच कोडॉन आहे, ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिनला प्रत्येकी सहा, बाकीचे मधे. म्हणजे १८ अमिनो आम्लांच्या बाबतीत झाडाकडं निवड आहे आणि त्या निवडीत ५९ कोडॉन येतात. लायसिन लिहायचं तर एएए पण चालतं आणि एएजी पण चालतं, प्रोटीनमध्ये फरक शून्य. तरी झाडं दोन्ही सारखे वापरत नाहीत, यालाच कोडॉन बायस म्हणतात.

आता खरा प्रश्न असा, की पानात चालणाऱ्या जीन्स एका पद्धतीचे कोडॉन वापरतात आणि दाण्यात चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीचे, असं आहे का? आणि असेल तर ते त्या टिश्यूमुळं (म्हणजे पान, दाणा अशा झाडाच्या भागामुळं) आहे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक प्रोजेक्ट इथंच घसरतात. पूर्व भागातल्या गल्लीत नीळ्ळु जास्त ऐकू येतं म्हणून गल्लीनं त्या माणसांना तेलुगू शिकवलं असं होत नाही ना, ती घरं आधीपासूनच तेलुगू बोलणारी होती आणि तिथं राहायला आली. तसंच जीनची कोडॉनची सवय ती क्रोमोझोमवर जिथं बसलीय तिथल्या जीसी प्रमाणातून (एकूण अक्षरांत जी आणि सी किती त्यातून) आलेली असू शकते, दाण्यात चालू होणं ही तिची वेगळी गोष्ट. हे दोन्ही सुटं करणं हेच सगळं काम आहे, बाकी आकडेमोड कॉम्प्युटर करतो.

मी ज्वारी घेतोय कारण आपल्या जिल्ह्याचं पीक आहे, मंगळवेढ्याची मालदांडी कुणाला सांगायला नको, आणि ज्वारीचा जीनोम २००९ पासून सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे. साधारण ७३ कोटी अक्षरं, १० क्रोमोझोम, आणि वाण बीटीएक्स६२३, जो अमेरिकेतला आहे. मालदांडी नाही म्हणून काळजी करू नका, एकाच जातीच्या दोन वाणांत कोडॉन वापर जवळजवळ तसाच राहतो, एक्सप्रेशन (जीन किती जोरात चालते ते) मात्र वाणाप्रमाणं बदलतं हे ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा प्रश्न एका ओळीत लिहून काढा

वहीत लिहा, लॅपटॉपवर नको. उदाहरणार्थ "हुरड्याच्या अवस्थेतल्या दाण्यात खास चालणाऱ्या जीन्सचा कोडॉन वापर, तेवढ्याच जीसीच्या आणि तेवढ्याच लांबीच्या बाकीच्या जीन्सपेक्षा वेगळा आहे का?" यात "तेवढ्याच जीसीच्या" हे शब्द नसतील तर पुढचे तीन महिने वाया जाणार हे मी अनुभवावरून सांगतो, कसं ते खाली येईलच.

डेटा कुठून आणि कुठला

तीन गोष्टी लागतात. सीडीएसची फाईल (म्हणजे फक्त प्रोटीन लिहिणारा भाग), जीन कुठं सुरू कुठं संपते ते सांगणारी जीएफएफ फाईल, आणि वेगवेगळ्या टिश्यूंचा आरएनए-सीक डेटा (कुठल्या जीनचा आरएनए किती आहे त्याची मोजणी). पहिल्या दोन फायटोझोम किंवा एन्सेम्बल प्लांट्स या वेबसाइटवर मिळतात, फायटोझोमला लॉगिन करावं लागतं, एन्सेम्बलला लागत नाही. दोन्ही फाईली एकाच ठिकाणाहून आणि एकाच व्हर्जनच्या घ्या, एक इथली एक तिथली केली की जीनची नावं जुळत नाहीत आणि मग जुळवण्यात रात्री जातात.

आरएनए-सीक एनसीबीआयच्या एसआरए या मोफत साठ्यातून घ्या. इथं घाई करू नका, माझ्या मते अर्धं यश इथंच ठरतं. मूळ, पान, कणीस, दाणा हे सगळे सँपल एकाच प्रोजेक्टमधले हवेत, एकाच वाणाचे, आणि प्रत्येकी निदान तीन रेप्लिकेट (तेच सँपल वेगवेगळ्या झाडांवरून). पान एका लॅबचं आणि दाणा दुसऱ्या लॅबचा घेतला तर जो फरक दिसतो तो टिश्यूचा की लॅबच्या पद्धतीचा हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठीची तयारी) कशी केलीय तेही बघा, एमआरएनएची (प्रोटीनसाठी निघालेल्या जीनच्या प्रतीची) पॉली-ए शेपटी पकडून की रायबोसोमल आरएनए काढून टाकून, कारण या दोन्हीत मिसळमिसळ झाली तर पानात क्लोरोप्लास्टचा आरएनए एकीकडं भरपूर दिसेल आणि दुसरीकडं जवळपास दिसणारच नाही.

सीडीएस निवडून घ्या, भाकरीच्या पिठासारखं चाळून

काही जीन्सच्या चार-पाच ट्रान्सक्रिप्ट (एकाच जीनच्या वेगवेगळ्या आरएनए प्रती) असतात. कोडॉन मोजायला प्रत्येक जीनची एकच ठेवा, प्रायमरी म्हणून दिलेली, नसेल तर सर्वात लांब सीडीएसवाली. सगळ्या ठेवल्या तर ज्या जीनच्या पाच ट्रान्सक्रिप्ट आहेत तिचं मत पाच वेळा मोजलं जातं.

मग चाळणी लावा: लांबीला तीननं पूर्ण भाग गेला पाहिजे, सुरुवात एटीजी, शेवट टीएए, टीएजी किंवा टीजीए, मधे कुठंही स्टॉप नको, एन अक्षर (म्हणजे न कळलेलं अक्षर) नको. १०० कोडॉनपेक्षा लहान सीडीएस बाजूला काढा, कारण त्यात एखादं अमिनो आम्ल दोनदाच येतं आणि दोनदा आलेल्या गोष्टीवरून आवड ठरवता येत नाही. किती गेल्या किती राहिल्या ते प्रत्येक पायरीला लिहून ठेवा.

क्लोरोप्लास्ट आणि मायटोकाँड्रियाच्या जीन्स काढून टाका. काही फाईलींमध्ये त्या बाकीच्यांबरोबरच बसलेल्या असतात आणि लक्षात येत नाही. क्लोरोप्लास्टला स्वतःचे रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र), स्वतःचे टीआरएनए (कोडॉन वाचून अमिनो आम्ल आणून देणारे), आणि त्याच्या कोडॉनच्या तिसऱ्या जागी ए आणि टी जास्त. रुबिस्कोचंच बघा ना, मोठा भाग क्लोरोप्लास्टच्या जीनोमवर आणि छोटा भाग न्यूक्लियसमध्ये, एकच एन्झाइम पण दोन वेगळ्या घरातून आलेले तुकडे. हे न काढता पानाचा हिशोब केला तर पानाला एटी-वाले कोडॉन आवडतात असं छान दिसेल आणि ते साफ चुकीचं असेल.

मोजायचं काय काय

आरएससीयू पहिलं. एखादा कोडॉन प्रत्यक्ष किती वेळा आला, भागिले त्या अमिनो आम्लाचे सगळे कोडॉन सारखे वापरले असते तर किती वेळा आला असता. समजा एका जीनमध्ये ल्युसिन २४ वेळा आहे. सहा कोडॉन, म्हणजे सारखं वाटप केलं तर प्रत्येकी ४. आता मोजल्यावर निघालं सीटीसी १०, सीटीजी ६, टीटीजी ४, सीटीटी ३, सीटीए १, टीटीए शून्य. मग आरएससीयू होतो अनुक्रमे २.५, १.५, १, ०.७५, ०.२५ आणि ०. बेरीज ६ यायला पाहिजे, कोडॉन सहा आहेत म्हणून. एक जीन घ्या आणि हे एकदा हातानं करा, मी सगळ्यांना करायला लावतो, कारण मग पुढं सॉफ्टवेअरनं काही वेडंवाकडं दिलं तर लगेच कळतं. नंतर सगळ्या जीन्ससाठी एम्बॉस, कोडॉनडब्ल्यू किंवा बायोपायथॉनमधली वीस ओळींची स्क्रिप्ट, काहीही चालतं.

आरएससीयूच का, नुसती टक्केवारी का नाही, हे दाण्यावरून समजतं. ज्वारीच्या दाण्यातलं मुख्य प्रोटीन काफिरिन. त्यात ग्लुटामिन, ल्युसिन, अॅलॅनिन, प्रोलिन भरपूर आणि लायसिन जवळपास नाहीच, म्हणून तर भाकरीबरोबर डाळ-उसळ पाहिजे. आता तुम्ही दर हजार कोडॉनमागं किती अशी टक्केवारी काढली, तर दाण्यात ग्लुटामिनचे सीएए आणि सीएजी दोन्ही वर गेलेले दिसणार आणि लायसिनचे दोन्ही खाली. यात कोडॉनची आवड कुठं आली? अमिनो आम्लच जास्त-कमी आहे. आरएससीयू हा फरक काढून टाकतो, एकाच अमिनो आम्लाच्या कोडॉनांची आपसातच तुलना करतो.

दुसरं जीसी३, कोडॉनच्या तिसऱ्या जागी जी किंवा सी किती टक्के. गवतवर्गातल्या पिकांत, म्हणजे ज्वारी, भात, मका, याचा आलेख काढला तर एक टेकडी येत नाही, दोन येतात. एका गटाचं जीसी३ मध्यम आणि दुसऱ्याचं खूप वर, ८०-९० टक्क्यांपर्यंत. अरॅबिडोप्सिससारख्या द्विदलात एकच टेकडी आणि ती ४० च्या थोडी वर. ही दुसरी टेकडी नीट डोक्यात ठेवा, सगळी गडबड तिथूनच होते. जास्त जीसी३ वाल्या जीन्समध्ये इंट्रॉन (जीनमधले कापून टाकले जाणारे तुकडे) कमी असतात, टाटा बॉक्स (जीनच्या आधीचा, ती चालू करण्यातला एक संकेत) जास्त वेळा सापडतो, आणि त्यांचं एक्सप्रेशन जास्त वरखाली होतं. म्हणजे टिश्यूप्रमाणं चालू-बंद होणाऱ्या जीन्सच्या यादीत त्या आपोआप जास्त येतात, कोडॉनचा आणि टिश्यूचा थेट संबंध नसला तरी.

तिसरं ईएनसी, फ्रँक राइट यांनी १९९० मध्ये दिलेलं. एका जीननं साधारण किती वेगवेगळे कोडॉन वापरले याचा आकडा, २० म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाला एकच कोडॉन, ६१ म्हणजे सगळे सारखे. याची गंमत अशी की नुसत्या जीसी३ वरून ईएनसी किती असायला हवा हे आधीच काढता येतं: २ अधिक जीसी३, अधिक २९ भागिले (जीसी३ चा वर्ग अधिक एक-वजा-जीसी३ चा वर्ग). जीसी३ ०.५ असेल तर उत्तर ६०.५. जीसी३ ०.८ असेल तर सुमारे ४५.५. ०.९५ असेल तर ३५. तर मग एखाद्या दाण्याच्या जीनचा ईएनसी ४५ आला आणि तिचं जीसी३ ०.८ आहे तर तिथं काहीच विशेष घडलेलं नाही, ती अपेक्षित रेषेवरच बसलीय. रेषेच्या बरीच खाली असेल तरच पुढं बघायचं.

चौथं सीएआय, शार्प आणि ली, १९८७. यात जास्त चालणाऱ्या जीन्सचा एक संच घेऊन त्यांच्या कोडॉनांना गुण देतात, सर्वात जास्त वापरलेल्याला १, बाकीच्यांना त्या प्रमाणात. वरच्याच ल्युसिनमध्ये सीटीसी १, सीटीजी ०.६, टीटीजी ०.४ असं. शून्यवाल्याला शून्य ठेवलं तर सगळा गुणाकार शून्य होतो म्हणून त्याचा आकडा ०.५ धरून पुढं जातात. संच म्हणून रायबोसोमल प्रोटीनच्या जीन्स घ्या, त्या सगळ्या टिश्यूंत चालतात. दाण्याच्या जीन्स घेऊन संच केला आणि मग दाण्याच्या जीन्सचा सीएआय जास्त आला म्हणून आनंद केला, तर ते आपलंच आपल्याला परत मिळालं.

टीएआय पण लोक वापरतात, टीआरएनएच्या जीन्स किती कॉपी आहेत त्यावरून. टिश्यूच्या प्रश्नाला त्याचा उपयोग फार थोडा, कारण कॉपींची संख्या मुळामध्ये आणि दाण्यामध्ये एकच असते, झाड तेच आहे. टिश्यूप्रमाणं बदलू शकतं ते टीआरएनएचं प्रत्यक्ष प्रमाण, आणि ते मोजायचं तंत्र वेगळं आहे.

एक्सप्रेशन, आणि टाऊ

आरएनए-सीकचं मोजमाप सॅल्मन या प्रोग्रॅमनं करा, ८ जीबीच्या लॅपटॉपवर ट्रान्सक्रिप्टोमची इंडेक्स बसते, पूर्ण जीनोम डिकॉय म्हणून लावायचा असेल तर १६ किंवा जास्त लागेल. इंडेक्स करताना चाळलेली सीडीएस फाईल देऊ नका, इथं सगळ्या ट्रान्सक्रिप्ट पूर्ण लांबीच्या द्या आणि नंतर जीनप्रमाणं बेरीज करा. मोजायला सगळ्या, कोडॉनसाठी एक, हे दोन वेगळे कप्पे.

टीपीएम (दर दहा लाख ट्रान्सक्रिप्टमागं त्या जीनचे किती) निघतो, आणि प्रत्येक सँपलमध्ये त्याची बेरीज १० लाखच असते. भरणाऱ्या दाण्यात काफिरिनच्या जीन्स इतक्या जोरात चालतात की त्या १० लाखातला मोठा वाटा त्याच घेऊन जातात, आणि बाकीच्या जीन्स प्रत्यक्षात कमी न होताही कमी दिसतात. जेवायला पंगतीत दहाच भाकऱ्या आहेत आणि एकानंच चार घेतल्या तर बाकीच्यांच्या वाट्याला कमी येणारच, त्यांची भूक कमी झालेली नसते. म्हणून टिश्यू-टिश्यूत तुलना करायची तर डीईसेक२ चं नॉर्मलायझेशन किंवा टीएमएम (दोन्ही सँपलचे आकडे तुलनेजोगे करायच्या पद्धती) लावून घ्या.

मग प्रत्येक जीनसाठी टाऊ काढा, म्हणजे जीन सगळीकडं चालते (० कडं) की एकाच टिश्यूत खास (१ कडं) याचा आकडा. सर्वात जास्त एक्सप्रेशन असलेल्या टिश्यूनं बाकीच्यांना भागायचं, प्रत्येक उत्तर १ मधून वजा करायचं, बेरीज करायची, आणि टिश्यूंची संख्या वजा १ नं भागायचं. मूळ ८०, पान १००, कणीस ९०, दाणा ७० असलेल्या जीनचा टाऊ ०.२ येतो, म्हणजे सगळीकडं चालणारी. मूळ २, पान ४, कणीस २, दाणा २०० असलेल्या जीनचा ०.९९ च्या आसपास. पण हेच आकडे आधी १ मिळवून लॉग२ करून घेतले तर दुसऱ्या जीनचा टाऊ ०.७६ येतो! जीन तीच. तेव्हा "टाऊ ०.८ च्या वर म्हणजे टिश्यूची खास जीन" असं कुणी म्हणालं की लॉग घेतला होता का ते आधी विचारा आणि आपल्या वहीत पण लिहा. मी लॉग घेतो, कारण न घेतल्यास एखाद्या सँपलमधला एकच फुगलेला आकडा सगळं ओढून नेतो.

ज्या जीन्स कुठंच नीट चालत नाहीत त्या टाऊच्या आधी काढा, निदान एका टिश्यूत टीपीएम १ च्या वर पाहिजे. नाहीतर शून्याच्या आसपासचा गोंधळ "खास" म्हणून यादीत येतो.

माझं काय चुकलं होतं

काही वर्षांपूर्वी आमच्या एका बॅचनं हेच काम केलं होतं. दाण्याच्या खास जीन्सची यादी काढली, आरएससीयू काढला, बाकीच्यांशी तुलना केली, आणि काही कोडॉनांत एवढा मोठा फरक आला की आम्ही सगळे हरखून गेलो. पोस्टर तयार, आलेख तयार. त्या रात्री मी नुसती ती यादी वरून खाली वाचत बसलो, आकडे नाही, जीन्सची नावं, आणि काफिरिन, काफिरिन, काफिरिन असं एकाखाली एक यायला लागलं. अल्फा काफिरिनच्या जीन्स क्रोमोझोमवर एकाशेजारी एक कॉपी होत गेलेल्या आहेत, सीक्वेन्स एकमेकींच्या जवळजवळ सारखा, बहुतेकींना इंट्रॉन नाही. आम्ही त्यांना स्वतंत्र साक्षीदार समजून मोजत होतो आणि त्या होत्या एकाच घरातल्या बहिणी, सगळ्या एकच गोष्ट सांगणार. सारख्या सीक्वेन्सचे गट करून प्रत्येक गटातली एकच ठेवली तेव्हा फरक एकदम उतरला, आणि जीसी३ जुळवल्यावर जवळपास राहिलाच नाही. ते पोस्टर गेलं नाही. पण त्यातून जी सवय लागली ती अशी, की यादी आधी डोळ्यानं वाचायची, नावानं, मगच आकडे.

म्हणून सीडी-हिट किंवा तशाच एखाद्या प्रोग्रॅमनं सारख्या सीक्वेन्सचे गट पाडा, मी ८० टक्के सारखेपणावर पाडतो, आणि प्रत्येक गटातून एक जीन घ्या. पानाच्या यादीत पण हे होतं, प्रकाश पकडणाऱ्या प्रोटीनचं कुटुंब मोठं आहे.

टिश्यू खरंच कारण आहे का, हे तपासायचं

इथं वेळ द्या, बाकी सगळं इथपर्यंत पोचण्यासाठीच होतं.

जीसी३ चे दहा कप्पे करा, लांबीचे तीन. म्हणजे प्रत्येक जीन तीसपैकी एका कप्प्यात. आता प्रत्येक कप्प्याच्या आतल्या आत "दाणा", "पान", "मूळ" ही लेबलं फिरवून टाका, पत्ते पिसतो तसं, आणि फरक परत मोजा. हे १००० वेळा करा. खरा फरक जेवढा आला होता तेवढा किंवा त्याहून जास्त फरक पिसलेल्या डेटात ४० वेळा आला तर पी (नुसत्या योगायोगानं एवढा फरक येण्याची शक्यता) साधारण ०.०४. कप्प्याच्या बाहेर पिसायचं नाही, तोच तर मुद्दा आहे, जीसी सारखं ठेवून टिश्यू बदलायची.

५९ कोडॉन आणि ४ टिश्यू म्हणजे २३६ चाचण्या झाल्या, त्यात ५ टक्क्यांच्या हिशोबानं बाराएक नुसत्या योगायोगानंच "लक्षणीय" निघतात. बेंजामिनी-हॉखबर्ग दुरुस्ती लावल्याशिवाय एकाही कोडॉनचं नाव घेऊ नका.

दुसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, इंट्रॉनची. त्याच जीनच्या इंट्रॉनचं जीसी बघा. इंट्रॉनचं प्रोटीन होत नाही, तो रायबोसोमपर्यंत जातच नाही, म्हणजे भाषांतराच्या सोयीसाठी त्याचं जीसी बदलायचं काही कारण नाही. तरीही ज्या जीन्सचं जीसी३ जास्त त्यांच्या इंट्रॉनचंही जास्त असेल, तर ती सगळी त्या वस्तीची बोली आहे, निवड नाही. इंट्रॉन नसेल तर आजूबाजूच्या रिकाम्या डीएनएचं जीसी घ्या. गवतवर्गात अजून एक भानगड, जीनच्या सुरुवातीला जीसी जास्त आणि पुढं पुढं कमी होत जातं, त्यामुळं सीडीएसचे पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा असे दोन भाग करून वेगवेगळं पण बघा. परिणाम फक्त पहिल्या भागातच येत असेल तर सावध व्हा.

करस्पाँडन्स अॅनालिसिस (सगळ्या कोडॉनांचे आकडे दोन-तीन अक्षांवर मांडायची पद्धत) करणारे खूप आहेत, करा, पण ज्वारीत पहिला अक्ष बहुतेक जीसी३ च असणार, त्याला टिश्यूचं नाव देऊन टाकू नका.

आणि एवढ्या चाळण्यांतून काही उरलंच, तरी ते आरएनएच्या पातळीवरचं आहे. आरएनए-सीक म्हणजे एमआरएनए किती आहे, प्रोटीन किती होतंय ते नाही. कोडॉनमुळं रायबोसोमचा वेग बदलतो, एमआरएनए किती वेळ टिकतो तेही बदलतं, त्यामुळं संबंध असू शकतो, पण "दाण्यात हे कोडॉन जास्त वेगानं वाचले जातात" असं लिहायचं असेल तर रायबो-सीक (एमआरएनएवर रायबोसोम कुठं बसलेत ते मोजायची पद्धत) पाहिजे.

मग याचा उपयोग काय

बाहेरची जीन झाडात घालायची तेव्हा. बीटी जिवाणूची क्राय जीन (किडीला मारणारं प्रोटीन लिहिणारी) आहे तशी झाडात घातली तर फारच थोडं प्रोटीन व्हायचं. ती जीन एटी-बहुल, आणि झाडाच्या नजरेनं तिच्यात मधेच "इथं थांबा, शेपटी जोडा" असे संकेत होते. १९९१ मध्ये प्रोटीन तेच ठेवून तिचे कोडॉन बदलले तेव्हा प्रोटीन १०० पटीपर्यंत वाढलं. भारतात २००२ मध्ये बीटी कापूस आला त्याच्या मागं हे काम आहे. यात फक्त कोडॉनच्या आवडीचा वाटा किती आणि ते चुकीचे संकेत गेल्याचा किती, हे वेगळं करून बघायला हवं, आणि जेलीफिशच्या जीएफपीची गोष्ट हेच दाखवते: अरॅबिडोप्सिसनं तिच्यातली ८४ अक्षरं इंट्रॉन समजून कापून टाकली होती, १९९७ मध्ये कोडॉन बदलून ते कापणं बंद केल्यावर ती चमकायला लागली.

म्हणून नवी सीक्वेन्स डिझाईन करताना क्रम असा ठेवा. आधी प्रमोटर (जीन कुठं आणि कधी चालायची ते ठरवणारा भाग) बरोबर निवडा, दाण्यातच चालवायची तर दाण्याचा, हे काम कोडॉन करू शकत नाहीत. मग त्या पिकाच्या एकूण कोडॉन वापराला धरून सीक्वेन्स लिहा, प्रत्येक ठिकाणी सर्वात लाडका कोडॉन टाकू नका, त्या पिकात कोडॉन ज्या प्रमाणात येतात त्याच प्रमाणात वाटा. मग खोटे स्प्लाइस साईट (इंट्रॉन कापायच्या जागा), एएटीएएए सारखे शेपटीचे संकेत, एटीटीटीए सारखे एमआरएनए लवकर तोडणारे तुकडे, आणि तुम्हाला क्लोनिंगला लागणाऱ्या एन्झाइमच्या साईट शोधा आणि सीक्वेन्समधून काढून टाका. आणि एकाच पिकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून, डाळिंबाचे जीनोम पण २०१७ पासून प्रसिद्ध होत गेले, त्यामुळं आपल्याकडची मुलं ज्वारीचं करता करता डाळिंबाकडं वळतात. चांगलंच आहे, पण डाळिंब द्विदल आहे, तिथं जीसी३ ची ती दुसरी टेकडी शोधायला गेलात तर सापडायची नाही, सगळे कप्पे नव्यानं पाडा.

स्वतःचे सँपल घ्यायचे असतील तर

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरली की गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, हुरडा असतो, म्हणजे दाणा भरत असतो आणि काफिरिन जोरात चालू. तेव्हाच घ्या, कडक झालेल्या दाण्यात आरएनए मिळत नाही धड. पान आणि दाणा एकाच झाडाचे, एकाच तासात, सकाळी नऊ तर सगळे नऊलाच, कारण झाडाचं स्वतःचं घड्याळ असतं आणि सकाळचं पान आणि संध्याकाळचा दाणा यांची तुलना म्हणजे टिश्यू आणि वेळ दोन्ही बदलणं. हुरड्याचा दिवस "पीठ भरायला लागलं" असा न लिहिता फुलोऱ्यापासून किती दिवस ते लिहा, त्यासाठी फुलोऱ्यालाच कणसाला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा.

तोडल्या तोडल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये. ते शेतापर्यंत नेणं जमत नसेल तर आरएनएलेटरच्या नळ्या घेऊन जा, पण दाणा चिरून टाका, अख्खा टाकला तर आतपर्यंत पोचत नाही. दाण्यात स्टार्च एवढा असतो की नेहमीच्या किटमध्ये सगळं चिकट खळ होऊन बसतं, सीटॅबची पद्धत बरी. डाळिंबाच्या सालीला आणि दाण्याला पॉलिफिनॉल जास्त, तिथं पीव्हीपी टाकल्याशिवाय आरएनए तपकिरी पडतो. क्यूपीसीआरनं (एकेका जीनचा आरएनए मोजायच्या पद्धतीनं) पडताळताना रेफरन्स जीन (जिच्याशी तुलना करायची ती) चारही टिश्यूंत सारखी चालते का ते आधी तपासा, पुस्तकात दिलेली अॅक्टिन भरणाऱ्या दाण्यात वरखाली होऊ शकते.

प्रत्येक टिश्यूचे पाच सँपल घ्या म्हणजे दोन बिघडले तरी तीन राहतात. नळीवर पेन्सिलीनं लिहा, मार्करची शाई नायट्रोजनमध्ये निघून जाते: झाड क्रमांक, टिश्यू, फुलोऱ्यानंतरचे दिवस, वेळ.